विषय: [मंडळ] पहाटे तीनला विझतो + नट की राइस?? (ट्रक शनिवारी)

— रेवती, मंगळवार ७ जानेवारी, सकाळी ६:४०

नमस्कार मंडळी,

कोळशाचा स्टोव्ह परत विझला. सलग चौथी रात्र. साडेदहाला भरपूर कोळसा घातला तेव्हा निखारे लालबुंद होते. तीनला थंडीने जाग आली, खाली जाऊन बघते तर वरचा निम्मा कोळसा जसाच्या तसा काळा, खाली राखेचा थर आणि घरात ५४ डिग्री फॅरनहाइट. वसंतकाकांनी दिवाळीच्या फराळाला सांगितलं होतं अगदी तसंच केलंय. चिमणी ऑक्टोबरमध्ये साफ करून घेतली आहे, त्यामुळे कृपया चिमणी सांगू नका.

दुसरं, शनिवारच्या कोळशाच्या ट्रकमध्ये माझा १ टन नट (मोठा खडा) आहे ना? मंडळाच्या ऑर्डरच्या शीटवर माझ्या नावापुढे राइस (बारीक खडा) दिसतंय.

रेवती


— मिलिंद, मंगळवार, सकाळी ७:१५

चिमणी बघितलीस का?

आणि मी गेल्या वर्षीही म्हटलं होतं, हाताने भरायच्या स्टोव्हच्या नादाला नव्या माणसाने लागू नये. माझा स्टोकर आहे. वर हॉपरमध्ये राइस ओतायचा, मोटर आपली थोडा थोडा पुढे ढकलते, दोन दिवसांनी राखेचा डबा काढायचा. मी रात्री झोपतो.

मिलिंद


— वसंतकाका, मंगळवार, सकाळी ९:०२

चि. रेवती,

खरं सांग, तू वरून सळईने ढोसतेस ना?

इथे नवीन येणारा प्रत्येक जण हेच करतो, कारण आपल्या सगळ्यांच्या हाताला बंबाची सवय. बंबात वरून ढलप्या टाकायच्या, धूर झाला की वरूनच ढोसायचं, जाळ होतो. लाकडाला ते चालतं. हा अँथ्रासाइट आहे, कडक दगडी कोळसा. ह्याला हवा फक्त खालून लागते, जाळीतून. वरून ढोसलंस की राख निखाऱ्यांत मिसळते, जाळीच्या फटी बुजतात आणि वरचा कोळसा गुदमरतो. तुझा काळा राहिलेला कोळसा तेच सांगतोय.

रात्री काय करायचं ते परत लिहितो. राखेचं खालचं दार उघडून पाच मिनिटं थांब, निखारे तापू देत. मग जाळीचा दांडा छोट्या छोट्या हिसक्यांनी हलव. लांब लांब नाही, नाहीतर अख्खा निखारा खाली येईल. राखेच्या डब्यात लाल ठिणग्या पडायला लागल्या की थांब. त्याच्या आधी थांबायचं नाही! तू नक्की आधी थांबतेस, कारण धूळ उडते आणि हात दुखतो. मग आतल्या विटांच्या काठापर्यंत कोळसा भर, पण एका कोपऱ्यात लाल निखारा उघडा ठेव. वर निळ्या ज्वाळा नाचायला लागल्या की खालचं दार बंद आणि हवा कमी. ते दार उघडं टाकून झोपायला जायचं नाही, जाळी वितळलेली मी बघितली आहे.

उघडा कोपरा विसरू नकोस. सगळं झाकलं तर वायू आत साठतो आणि मग एकदम पेटतो. १९९६ च्या जानेवारीतल्या त्या बर्फात मी घाईने सगळं झाकून दार लावलं. दोन मिनिटांनी धप्प! नळीचा जोड निखळला, भिंतीवर काजळी, आणि माझी डावी भुवई मार्चपर्यंत आली नव्हती. वीज मात्र तीन दिवस नव्हती आणि घरात आम्ही बनियनवर बसलो होतो. स्टोकरला वीज लागते, मिलिंद.

वसंत


— सुलभामावशी, मंगळवार, सकाळी ९:४०

वसंतराव, बंबात वरून ढोसायचं हे कोणी सांगितलं तुम्हाला? आमच्या सांगलीच्या घरी तांब्याचा बंब होता, आजी खालच्या जाळीतून तार फिरवायची. वरून ढोसलं तर तिचा धपाटा मिळायचा. तेव्हा बंबाला नावं ठेवू नका.

आणि सगळे ह्याला स्टोव्ह का म्हणता? स्टोव्ह म्हणजे पिन मारायचा रॉकेलचा. ही शेगडी.


— मिलिंद, मंगळवार, सकाळी ९:५८

शेगडीला चिमणी नसते, मावशी.


— शिरीष (खजिनदार), मंगळवार, दुपारी १२:२०

सर्वांस,

शीटबद्दल. गेली नऊ वर्षं ही शीट मी सांभाळतोय आणि ह्या नऊ वर्षांत चुकीचा माल एकदाच आला, तोही ज्याने मागवला त्याच्याच चुकीने (नाव घेत नाही). खड्याच्या आकाराच्या रकान्यात पाच पर्याय आहेत: राइस, बकव्हीट, पी, नट, स्टोव्ह. काही निवडलं नाही तर पहिला पर्याय राहतो. रेवती, तू निवडलं नाहीस. सूचना मी लाल अक्षरांत दिली आहे.

राइस म्हणजे पाव इंचाचा खडा. तुझ्या जाळीतून सरळ राखेत पडेल. नट म्हणजे साधारण इंच ते दीड इंच. बदल केला आहे. आता शीट बंद. कोणी हात लावू नये.

शिरीष


— सुलभामावशी, मंगळवार, दुपारी १२:४५

शिरीष, बरं झालं तू खुलासा केलास. मंडळाच्या शीटवर "राइस ३ टन" वाचून माझ्या पोटात गोळा आला होता. संक्रांतीच्या मसालेभाताला ४० पौंड पुष्कळ होतात. मी हॉलवाल्यांना मोठ्या पातेल्यांसाठी फोनसुद्धा लावला होता.

पातेल्यावरून आठवलं, दिवाळीचं माझं कडीचं पातेलं अजून आलेलं नाही.


— प्राजक्ता, मंगळवार, संध्याकाळी ६:१०

मी फिलाडेल्फियाहून नुकतीच इकडे आले आहे, यादीवर नवीन. राग मानू नका, पण आजच्या काळात घरात कोळसा? विजेवर घर तापवणारा हीट पंप का नाही? आणि तो सेंट्रेलियाचा जळणारा कोळसा म्हणजे हाच का?


— वसंतकाका, मंगळवार, रात्री ८:३०

प्राजक्ता, स्वागत. हो, हाच. सेंट्रेलियाला १९६२ मध्ये जमिनीखाली लागलेली आग अजून जळते आहे. एकदा नीट पेटला की हा सहजी विझत नाही (रेवतीचा अपवाद).

ज्या गावात तू राहायला आली आहेस तिथेच, पेनसिल्व्हेनियातल्या ह्या विल्क्स-बॅरीत, ११ फेब्रुवारी १८०८ ला जेसी फेल नावाच्या माणसाने आपल्या खाणावळीत उघड्या जाळीवर हा कोळसा पेटवून दाखवला. तोवर लोकांची समजूत होती की भाता मारल्याशिवाय हा दगड घरात जळणारच नाही. खालून हवा मिळेल अशी जाळी केली, एवढंच त्याने केलं. म्हणजे रेवतीची अडचण दोनशे वर्षं जुनी आहे.

हीट पंपाचं म्हणशील तर घे ना, कोणी अडवलंय. आमच्याकडेही आहे, शरद ऋतूत लावतो. पण माझा शेजारी खाणकामगाराचा मुलगा. १९५९ च्या जानेवारीत सस्क्वेहाना नदी नॉक्स खाणीत शिरली आणि १२ माणसं गेली, त्यानंतर ह्या खोऱ्यातल्या खोल खाणी जवळजवळ संपल्याच. त्या शेजाऱ्याने मला पहिल्या हिवाळ्यात जाळी हलवायला शिकवलं. मी इथे १९८८ पासून आहे आणि अजून तो येऊन माझी राख बघून नाक मुरडतो. त्यामुळे आम्हाला कोणी जुनेजाणते म्हटलं की मला हसू येतं.


— अमोल, मंगळवार, रात्री ९:०५

मी घुग्घुसचा. बाबा वेस्टर्न कोलफील्ड्समध्ये होते. इथे पहिल्यांदा बादली उचलली तेव्हा कोणी फसवलं असं वाटलं. काचेसारखा चकचकीत, कडक, हाताला काळं लागत नाही. आमच्याकडचा कोळसा पेटायला सोपा, पण धूर असा की दोरीवरचे कपडे परत धुवायचे, आणि राख मुबलक. तो नुसता ढिगात पडून तापायचा, बाबा रात्री बघायला जायचे. आणि हा? अर्धा तास आधी लाकडाचा जाळ करा तेव्हा कुठे महाराज पेटणार.

प्राजक्ता, हिशेब म्हणून सांगतो: कडाक्याच्या थंडीत आमच्याकडे दिवसाला ४० पौंडांची एक पिशवी जाते. टनाला ५० पिशव्या.

पातेलं माझ्याकडे आहे, मावशी. सॉरी.


— रेवती, बुधवार ८ जानेवारी, सकाळी ७:०५

टिकला!!! सात वाजता निम्मा जळालेला, निम्मा लाल, घरात ६९.

काका, कबूल. वरून ढोसत होते. आणि दांडा चार-पाचदा हलवून सोडून देत होते. काल मोजलं, लाल ठिणग्या दिसेपर्यंत तब्बल २६ हिसके लागले. राखेत न जळलेले काळे खडे सापडले, त्यांच्यामुळे दांडा अडकत होता. निळ्या ज्वाळा बघत मी आणि लेक चक्क जमिनीवर बसून होतो.

ही राख मेथीच्या वाफ्यात घातली तर चालेल का? आई गावी चुलीची राख घालायची.


— मिलिंद, बुधवार, सकाळी ७:३०

घाल. राख म्हणजे पोटॅश.


— अमोल, बुधवार, सकाळी ७:४१

घालू नका! पोटॅश लाकडाच्या राखेत. दगडी कोळशाच्या राखेत आर्सेनिक आणि इतर जड धातू असतात, खायच्या भाजीत नको. ड्राइव्हवेवरच्या बर्फावर टाका, पाय घसरत नाही. फक्त बुटांनी घरात येते. आणि आधी झाकणाच्या लोखंडी बादलीत दोन-तीन दिवस गार होऊ द्या. बादली लाकडी डेकवर ठेवायची नाही. आमच्या डेकवर अजून गोल काळा डाग आहे, वर कुंडी ठेवून झाकलाय.


— मिलिंद, बुधवार, सकाळी ७:५०

मी आपलं सर्वसाधारण सांगितलं.


— रेवती, गुरुवार ९ जानेवारी, रात्री ११:२०

काल रात्रीचं लिहायचं राहिलं. संक्रांतीच्या गुळपोळ्यांचा सराव करत होते. दोन फुटल्या, गूळ तव्यावर सांडला, धूर झाला म्हणून ओट्यावरचा एक्झॉस्ट फुल करून दीड तास ठेवला. खिडक्या सगळ्या बंद, नवीन बसवलेल्या. साडेनऊला तळघरातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. मला वाटलं बॅटरी गेली, बदलली, तरी वाजतोय. मग यादीवर विचारावं की काय म्हणून लॅपटॉप उघडला, तेवढ्यात नवऱ्याने सगळ्यांना बाहेर काढलं. अग्निशामकवाले आले, मोजलं, घर मोकळं केलं. सगळे ठीक आहोत. पण असं का झालं? चिमणी खरंच साफ आहे.


— वसंतकाका, शुक्रवार १० जानेवारी, सकाळी ६:१५

तुझ्या नवऱ्याला माझा नमस्कार सांग. अलार्म वाजला की आधी घराबाहेर, मग ९११. मेल शेवटी. त्या वायूला वास नसतो, डोकं दुखेपर्यंत उशीर झालेला असतो.

कारण तू स्वतःच लिहिलं आहेस. एक्झॉस्टने घरातली हवा बाहेर फेकली, खिडक्या घट्ट, मग घराने हवा घ्यायची कुठून? चिमणीतून. वर जायचा वायू उलटा खाली आला. लाकडाचा असता तर धूर दिसला असता, हा गुपचूप येतो. फॅन लावताना खिडकी उघडायचीच. आणि शेगडीला बाहेरची हवा आणणारी नळी बसवून घे. मी उद्या ट्रकच्या वेळी मापक घेऊन येतो, फॅन लावून आणि बंद करून चिमणीची ओढ मोजू. तोवर फॅन बंद.

हे मी दिवाळीत सांगायला हवं होतं. आमचं घर १९२० च्या सुमाराचं, खिडक्यांतून वारा वाहतो, मला कधी गरजच पडली नाही.


— सुलभामावशी, शुक्रवार, सकाळी ८:००

बघा, शेवटी वसंतरावांनीही शेगडी लिहिलं.

रेवती, गूळ पातळ झालाय तुझा. किसून घे, भाजलेलं बेसन थोडं वाढव, आणि लाटताना कडा रिकामी सोडू नकोस, सारण काठापर्यंत जायला हवं. मी उद्या येते, तव्यापाशी बसून दाखवते. खिडकी उघडून.


— शिरीष (खजिनदार), शुक्रवार, संध्याकाळी ५:३०

उद्या ट्रक ११ ते १ च्या दरम्यान. आधी अमोलकडे पिशव्या, मग मिलिंदकडे राइस, शेवटी रेवतीकडे नट. ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून ठेवा, मागच्या वेळी ट्रक एक तास रस्त्यात उभा होता. चेक मंडळाच्या नावाने नको, माझ्याही नको, थेट ड्रायव्हरकडे.

कोळशाचे पुढचे प्रश्न कृपया वेगळ्या विषयाखाली. ह्या धाग्यात हळदीकुंकवाची नावं सापडत नाहीत अशी तक्रार आली आहे.

शिरीष


— अमोल, शुक्रवार, संध्याकाळी ५:४४

काळी साडी नेसूनच या उद्या, दोन्ही कामं होतील. मावशी, पातेलं ट्रकबरोबर पाठवतो.