सोप्रानो (ऑपेरा या पाश्चात्त्य संगीतनाटकातील सर्वांत उंच स्त्री-आवाजाच्या) गायिका : ऐकण्याचा आरंभ कोठून करावा?

प्रश्न : मारिया कॅलास (१९२३–१९७७) हिचा आवाज तिची समकालीन इटालियन सोप्रानो रेनाता तेबाल्दी हिच्याइतका मुलायम नाही, वरच्या स्वरांवर तो कधी कधी डळमळतोही, तरीही अनेक जाणकार तिलाच अग्रस्थान का देतात? नवख्याने तिचे कोणते ध्वनिमुद्रण आधी ऐकावे?

प्रतिसाद १ : जानेवारी १९४९ मध्ये व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहात कॅलास वाग्नरच्या ऑपेरातील ब्रुनहिल्डेची भूमिका गात होती. त्याच सुमारास मार्गेरिता कारोझिओ ही गायिका आजारी पडल्यामुळे, संगीतसंचालक तुल्यो सेराफिन यांच्या आग्रहावरून, कॅलासने बेल्लिनीच्या ‘ई पुरितानी’ या ऑपेरातील एल्विराची भूमिका अवघ्या काही दिवसांत बसवून गायली. पहिल्या भूमिकेस मोठ्या वाद्यवृंदावर मात करणारा भरदार आवाज लागतो, तर दुसरीस द्रुत तानांची सफाई. एकाच गळ्याकडून या दोन्हींची अपेक्षा कोणी करत नसे. आरंभासाठी व्हिक्टर दे साबाता यांनी संचालित केलेले पुच्चिनीच्या ‘तोस्का’ या ऑपेराचे १९५३ चे ध्वनिमुद्रण घ्यावे. त्यातील दुसरा अंक ऐकल्यावर आवाजाच्या मुलायमपणाचा प्रश्न गौण वाटू लागतो, निदान मला तरी.

प्रतिसाद २ : गौण कसा? दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये मिलानचे ला स्काला हे ऑपेरागृह पुन्हा उघडले, तेव्हा संगीतसंचालक तोस्कानिनींनी तेबाल्दीला गाण्यासाठी निवडले, ते तिच्या स्वराच्या सौंदर्यामुळेच.

प्रतिसाद ३ : ऑस्ट्रेलियन सोप्रानो जोन सदरलंडही ऐकावी. १९५९ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहात सेराफिन यांच्याच संचालनाखाली गायलेल्या, दोनिझेत्तीच्या ऑपेरातील ‘लुचिया’ने तिला जागतिक कीर्ती मिळाली. तिच्या ताना निर्दोष असतात, शब्दोच्चार मात्र अस्पष्ट. कॅलासचे सामर्थ्य नेमके शब्दांत आहे.