विस्कॉन्सिनमध्ये हरणाची पहिली शिकार : बंदूक हाती घेण्याआधी काय शिकावे?

प्रश्न : नगरकर_मॅडिसन

मी सध्या मॅडिसनजवळ एच-वन-बी व्हिसावर राहतो. एका सहकाऱ्याच्या कुटुंबाची नैर्ऋत्य विस्कॉन्सिनच्या डोंगराळ भागात शेती आहे. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या अमेरिकी सणाच्या) आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो, तेव्हा त्यांनी मला सोबत बोलावले आहे. आमच्या घरी मांसाहार होतो, त्यामुळे शिकारीला तत्त्वतः माझी हरकत नाही. मात्र प्राणी मारायचाच असेल तर त्याला हाल न होता मारता आले पाहिजे, आणि त्यासाठी आधी तो प्राणी समजून घेतला पाहिजे, असे मला मनापासून वाटते. व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीचे) हरीण कसे वागते, त्याचा माग कसा ओळखावा आणि माझ्यासारख्या व्हिसाधारकाने कायद्याच्या दृष्टीने कोणती काळजी घ्यावी, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : रानवाट

तुम्ही प्रश्नाची सुरुवात प्राण्यापासून केली, हे फार चांगले झाले. ताडोबात किंवा पेंचमध्ये पाहिलेली चितळे डोळ्यांसमोर असतील, तर ती थोडी बाजूला ठेवा. चितळे मोठ्या कळपाने उघड्यावर चरतात आणि त्यांच्यात शिंगे असलेला नर कोणत्याही ऋतूत दिसू शकतो. व्हाइटटेलचे सगळे वर्ष मात्र दिवसाच्या लांबीवर चालते. नराची शिंगे उन्हाळ्यात मखमली कातडीखाली वाढतात, सप्टेंबरच्या सुमारास ती कातडी गळते, नोव्हेंबरात माजाचा काळ ऐन भरात येतो आणि हिवाळा सरता सरता शिंगे गळून पडतात. पाडसे साधारण मे-जूनमध्ये जन्मतात. माद्या आपल्या पिलांसह लहान कुटुंबगटात राहतात. माजाच्या दिवसांत नर एकेकटे भटकतात आणि एरवी टाळतील अशा उघड्या जागाही भरदिवसा ओलांडतात. बंदुकीचा हंगाम येईपर्यंत हा जोर बहुधा ओसरू लागलेला असतो, त्यामुळे केवळ त्याच्या भरवशावर बसू नये.

हरणाचा दिवस दोन जागांमध्ये वाटलेला असतो : खाण्याची आणि बसून रवंथ करण्याची. पहाटे ते चरण्याच्या जागेवरून दाट झाडीकडे परतते आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर पडते. म्हणून आधी खाणे शोधा. त्या भागात कापणी झालेली मक्याची आणि सोयाबीनची शेते असतातच, पण ओकची फळे पडू लागली की हरणे शेत सोडून तिकडे वळतात, आणि त्यातही पांढऱ्या ओकची फळे कमी तुरट असल्याने ती आधी संपतात. डोंगराळ भागात बसण्याची जागा बहुधा उताराच्या वरच्या भागात, वाऱ्याच्या आडोशाला असते. तेथे हरणाला पाठीमागचा वास मिळतो आणि समोरचा उतार डोळ्यांनी न्याहाळता येतो. या दोन जागांना जोडणारी, पाचोळा दबलेली वाट तुम्हाला सापडली की अर्धे काम झाले.

नराच्या खुणा जवळून पाहण्यासारख्या असतात. त्याने शिंगे घासल्यामुळे मनगटाएवढ्या खोडाची साल गुडघ्यापासून कमरेपर्यंत एका बाजूने सोलून निघालेली दिसते, कडेला सालीचे धागे लोंबत असतात आणि आतले लाकूड ओले, पिवळसर असते. दुसरी खूण जमिनीवरची : पाचोळा खुरांनी बाजूला सारून उघडी केलेली काळी माती आणि तिच्या बरोबर वर, हरणाच्या तोंडाच्या उंचीवर, चावून मोडलेली डहाळी. त्या डहाळीवर तो डोळ्यांजवळच्या आणि कपाळावरच्या ग्रंथींचा गंध ठेवतो. अशा खुणांवरून नर तेथून गेला एवढे नक्की कळते. तो दिवसा पुन्हा येईल असे मात्र त्यावरून ठरत नाही, कारण यातल्या बऱ्याच जागांना तो रात्रीच भेट देतो.

त्याच्या संवेदनांविषयी एवढे ध्यानात ठेवा की नाक सर्वांत तीक्ष्ण आहे. नारिंगी रंग त्याला आपल्यासारखा भडक दिसत नाही, पण हालचाल लगेच दिसते आणि निळसर छटा चांगल्या कळतात. मादीने मान ताठ करून पुढचा पाय जमिनीवर आपटला, तर तिला शंका आली आहे असे समजावे. अशा वेळी डोळ्यांची पापणीही सावकाश लववावी. शेपटी वर करून पांढरा भाग दाखवत ती पळाली की त्या जागेची सकाळ बहुधा संपली.

उत्तर : कायद्याची_बाजू

व्हिसाचा मुद्दा अजिबात हलका घेऊ नका. एच-वन-बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगणे अमेरिकेच्या संघीय कायद्याने सर्वसाधारणपणे निषिद्ध आहे. ज्यांच्याकडे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना आहे, त्यांना त्यात अपवाद मिळतो. म्हणजेच सहकाऱ्याच्या शेतावर सरावासाठी रायफल हातात घेण्याआधी परवाना तुमच्या नावाने निघालेला असला पाहिजे. तुमच्या परिस्थितीत काही वेगळेपण असेल तर इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्या.

विस्कॉन्सिनमध्ये 1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी शिकारी-प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. त्याशिवायही अनुभवी शिकाऱ्याच्या अगदी जवळ राहून शिकार करण्याची सोय आहे, पण माझे स्पष्ट मत असे की प्रशिक्षण घ्यावेच. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे मानणे, नळी सुरक्षित दिशेला ठेवणे, लक्ष्य आणि त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री करणे आणि नेम धरेपर्यंत बोट चापापासून दूर ठेवणे, हे चार नियम तेथे अंगवळणी पाडून घेतात. बंदुकीच्या हंगामात कमरेवरच्या वस्त्रांचा किमान निम्मा भाग भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी असावा लागतो.

उत्तर : ड्रिफ्टलेस_शेतकरी

हाल न होता मारण्याविषयी तुम्ही लिहिले आहे, म्हणून तेवढेच सांगतो. हरीण पूर्ण आडवे किंवा किंचित पाठमोरे उभे असताना, पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागाच्या किंचित वर नेम धरावा; तेथे फुप्फुसे आणि हृदय असते. समोरून, धावताना किंवा झाडीतून अर्धवट दिसत असताना गोळी झाडू नये. गोळी लागल्यावर ते पडले नाही, तर ते शेवटचे कोठे दिसले ती जागा एखाद्या झाडावरून लक्षात ठेवावी आणि किमान अर्धा तास थांबावे. फिकट लाल, फेसाळ रक्त फुप्फुसाचे असते. रक्तात हिरवट चोथा आणि उग्र वास असेल तर गोळी पोटात लागली आहे. तेव्हा घाईने मागे गेल्यास हरीण मैलभर पळते आणि सापडत नाही, म्हणून कित्येक तास थांबणेच योग्य ठरते. झाडावरच्या मचाणीवर चढणार असाल तर जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत खाली उतरेपर्यंत सुरक्षापट्टा बांधलेला असावा.

आतडी लगेच काढून मांस 4 अंश सेल्सिअसपर्यंत लवकर थंड करावे. विस्कॉन्सिनच्या हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज (हरणाला खंगवून मारणारा मेंदूचा आजार) 2002 साली प्रथम आढळला आणि नैर्ऋत्य भागात त्याचे प्रमाण मोठे आहे. माणसाला तो झाल्याचे सिद्ध झालेले नाही, परंतु शिजवल्याने त्याचा कारक घटक नष्ट होत नाही, त्यामुळे हरणाची तपासणी करून घ्यावी आणि बाधा निघाल्यास ते मांस खाऊ नये.

नगरकर_मॅडिसन

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रशिक्षणासाठी आजच नोंदणी करतो. एकच शंका उरते : डोंगरउतारावर वारा सतत फिरतो, मग बसण्याची जागा कशी ठरवावी?

रानवाट

ऊन तापू लागले की हवा दरीतून वर चढते आणि संध्याकाळी गारवा पडला की ती उतारावरून खाली घसरते. म्हणून वारा मंद असेल तेव्हा सकाळी हरणवाटेच्या वरच्या बाजूला आणि संध्याकाळी खालच्या बाजूला बसावे. वाऱ्याला जोर असेल तर तोच प्रमाण मानावा. खिशात मक्याच्या पिठाची लहान बाटली ठेवून मधूनमधून चिमूटभर पीठ हवेत सोडा; ते हरणाच्या वाटेकडे जाऊ लागले, तर शांतपणे उठून जागा बदला.