अनुभव धागा : आठवी ते दहावीच्या मुलांना बोलायला शिकवताना

दुसरी घंटा (इंदिरानगर)

शाळेत ‘बोलणं’ म्हटलं की वक्तृत्व स्पर्धा. पाच मुलं पाठ केलेलं म्हणतात, पंचावन्न टाळ्या वाजवतात, झालं. पण दहावीनंतर भाषण करायची वेळ कितींवर येते? दाखला मागावा लागतो, पत्ता सांगावा लागतो, चार जणांत आपलं म्हणणं टिकवावं लागतं. नाशिकमध्ये आणि आसपास शिकवणाऱ्यांनी इथे लिहावं : बोलण्याचा कोणता प्रकार, किती मिनिटांत, कसा घ्यायचा आणि तो कुठे फसतो. कौतुकाच्या गोष्टी नकोत, उद्या वर्गात वापरता येईल असं द्या.

सुरुवात माझ्याकडून. व्याख्या सांगण्याआधी फळ्यावर तीन प्रश्न लिहायचे. ऐकणारे किती? त्यांना मध्ये बोलता येतं का? बोलणाऱ्याचा चेहरा दिसतो का? मग मुलांनीच एकेक प्रकार या तीन रकान्यांत बसवायचा. भाषणात ऐकणारे पुष्कळ, मध्ये बोलता येत नाही, चेहरा दिसतो. फोनवर एकच जण, मध्ये बोलता येतं, चेहरा नाही. नाशिकरोड स्टेशनवरच्या घोषणेत ऐकणारे पुष्कळ, ना विचारता येत, ना चेहरा दिसत, म्हणून गाडी आणि फलाट पुन्हा पुन्हा सांगावा लागतो. इथवर आलं की व्हॉट्सअ‍ॅपवरचा आवाजी निरोप कुठे बसवायचा, हा प्रश्न मुलं आपणहून काढतात. त्या प्रश्नावर उरलेला तास खुशाल जाऊ द्यावा.

फळा-खडू (गंगापूर रोड)

आधी गणित मांडू. वर्गात 60 मुलं, तास 35 मिनिटांचा. प्रत्येकाला 3 मिनिटं म्हणजे 180 मिनिटं, वर उठणं-बसणं. सहा तास गेले आणि बोलला प्रत्येक जण एकदाच. म्हणून एकेकाला पुढे बोलावणं बंद करायचं.

तिघांचे गट करा : एक बोलणारा, एक ऐकणारा, एक टिपणारा. 2 मिनिटं बोलणं, 1 मिनिट ऐकणाऱ्याने तेच आपल्या शब्दांत परत सांगणं, 1 मिनिट टिपणाऱ्याचं. चार मिनिटांची अशी तीन आवर्तनं, 12 मिनिटांत अख्खा वर्ग बोलून मोकळा. टिपणाऱ्याला दोनच कामं : काय कळलं ते एका वाक्यात लिहायचं आणि कुठे कळलं नाही ती जागा सांगायची. तिसरं काम दिलंत की तो चुका काढत बसतो आणि बोलणारा पुढच्या वेळी तोंड उघडत नाही.

फसतं कुठे? गोंगाटात. वीस गट एकदम बोलले की शेजारच्या वर्गातून निरोप येतोच. एक सोडून एक बाक मागे फिरवून मुलं समोरासमोर, हातभर अंतरावर बसवली की आवाज आपोआप खाली येतो. बाक फिरत नसतील तर सरळ व्हरांडा गाठा.

हवं होतं (सिडको)

विनंती करणं हा प्रकार कुणी शिकवतच नाही, घरी शिकून येतील असं आपण गृहीत धरतो. मराठीत नम्रपणा ‘कृपया’त नाही, क्रियापदात आहे. फळ्यावर एकाखाली एक लिहा :

बोनाफाईड द्या.
बोनाफाईड पाहिजे.
बोनाफाईड मिळेल का?
बोनाफाईड हवं होतं.

पाहिजे आहे आत्ता, आणि वाक्य भूतकाळात! ‘हवं होतं’ म्हटलं की समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते, म्हणून तो सहसा नाही म्हणत नाही. हे एकदा दाखवलं की मुलं अशी वाक्यं स्वतः शोधून आणतात : ‘जरा विचारायचं होतं’, ‘एक काम होतं’. निरोप घेताना ‘जातो’ऐवजी ‘येतो’ म्हणणं त्याच घरातलं.

पाठ घ्यायचा तो असा. टेबलामागे एक विद्यार्थी ‘क्लार्क’, त्याच्या हातात चिठ्ठी : ‘घाईत आहेस’, ‘साहेब सुट्टीवर आहेत’, ‘फॉर्म अर्धवट आहे’. मागणाऱ्याला चिठ्ठी माहीत नसते. दीड मिनिटात त्याने तीन गोष्टी मिळवायच्या : काम कधी होईल, सोबत काय आणायचं, कुणाला भेटायचं. पहिल्या फेरीत बहुतेक जण ‘बरं’ म्हणून परत फिरतात. त्याच मुलाला तीच चिठ्ठी देऊन लगेच दुसरी फेरी द्या, फरक तिथेच दिसतो.

एक खबरदारी. इंग्रजी माध्यमाची मुलं शिपाईकाकांनाही ‘तू’ आणि मुख्याध्यापकांनाही ‘तू’ म्हणतात. ते बहुधा उद्धटपणातून येत नाही, ‘यू’ला मराठीत तू, तुम्ही, आपण अशा तीन वाटा फुटतात हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. रागावण्याआधी तेवढं सांगावं.

पुलाखाली (द्वारका)

अडचणीच्या वेळचा फोन. 112 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 हे आकडे मुलांना पाठ असतात, बोलायचं काय ते माहीत नसतं. सराव बंद फोनवर किंवा नुसत्या हातावर घ्यायचा. चुकूनही खरा नंबर लावू देऊ नका, आपल्या खेळापायी खऱ्या माणसाची लाइन अडते.

दोघांना पाठीला पाठ लावून बसवा. क्रम ठरलेला : कुठे, काय झालं, किती जण, शुद्धीवर आहेत का, आपला नंबर. ‘कुठे’ पहिलं, कारण फोन मध्येच तुटला तरी गाडी निघू शकते. आणि ‘कुठे’मध्येच सगळी गोम आहे. ‘द्वारका चौकात’ एवढ्यावर भागत नाही. उड्डाणपुलावर की खालच्या रस्त्यावर? मुंबईकडे जाणारी बाजू की धुळ्याकडे? चुकीच्या बाजूने पुलावर चढलेल्या गाडीला मध्येच वळता येत नाही. फोन घेणाऱ्या मुलाने हे दोन प्रश्न विचारायचेच, आणि सांगणाऱ्याला न विचारता उत्तर देता आलं तर त्याला पूर्ण गुण.

‘त्या मेडिकलसमोर’, ‘आमच्या क्लासजवळ’ असले पत्ते आले की फोन घेणाऱ्याने निर्विकारपणे विचारायचं, “कोणतं मेडिकल?” दोनदा विचारलं की पुरतं.

दुसरी अडचण आकड्यांची. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद, पंचावन्न आणि पंच्याऐंशी, फोनवर यांत हमखास घोळ. मोबाइल नंबर एकेक अंक सुटा सांगायचा आणि ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचा, हा नियमच करून टाका.

निफाडकर

मुलाखत. मुलं दहा प्रश्न घरून लिहून आणतात आणि उत्तर काहीही आलं तरी पुढचा प्रश्न वाचतात, मुलाखतीतली मुख्य चूक ती हीच. कागदावर पाचच प्रश्न आणू द्यावेत, बाकीचे पाच उत्तरांतून काढायचे.

आमच्याकडे द्राक्षबागायतदार सहज मिळतो, म्हणून तेच उदाहरण. ‘तुम्हाला शेती आवडते का?’ याचं उत्तर ‘हो’. संपलं. ‘तुमच्या यशाचं रहस्य काय?’ याचं उत्तर ‘कष्ट’. तेही संपलं. आता हा पाहा : ‘गोडी छाटणीनंतर फुटवे कोवळे असताना पाऊस लागला तर तुम्ही पहिल्या दोन दिवसांत काय काय करता?’ इथे माणूस सरसावून बसतो. डाऊनी (केवडा रोग) येते, पानं उलटी करून बघावी लागतात, बागेत चिखल असला की ट्रॅक्टर जात नाही, फवारणीचं गणित चुकतं. त्याने ‘ट्रॅक्टर जात नाही’ म्हटल्याबरोबर ‘मग फवारणी कशी करता?’ विचारता आलं, तर त्या मुलाला मुलाखत समजली.

हा प्रश्न विचारायला फळासाठीची गोडी छाटणी ऑक्टोबरच्या सुमाराची आणि नव्या काड्यांसाठीची खरड छाटणी एप्रिलची, एवढं आधी ठाऊक हवं. म्हणजे तयारीचा एक तास विषयाला, मग प्रश्नांना. उलटं केलं की ‘तुमचा आदर्श कोण?’ यावर गाडी येते.

प्रश्न विचारून झाल्यावर चार सेकंद गप्प राहायचं, मनात आकडे मोजायचे. मुलांना हे सर्वांत अवघड जातं, दोन सेकंदांत तीच उत्तर सुचवायला लागतात.

ध्वनिक्षेपक (पंचवटी)

भाषणाला नावं ठेवणं सोपं आहे, पण तेही नीट शिकवलं जात नाही. सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने बोललं तर मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात. तीन मिनिटांच्या भाषणाला साडेतीनशे शब्द डोक्यावरून पाणी. मुलं सातशे लिहून आणतात आणि मग घोडा उधळतो. ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ यातच सात शब्द गेले.

पाठांतर नको असेल तर पूर्ण भाषण लिहूच देऊ नका. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य आणि मधले तीन शब्द. रचना शिकवायला कीर्तन हाताशी आहे : पूर्वरंगात विषय मांडून निरूपण, उत्तररंगात त्याला धरून आख्यान. एक मुद्दा आणि त्याच्यासाठी एकच गोष्ट, तीन मिनिटांना तेवढं भरपूर होतं.

आता माइक. तोंडापासून चार बोटं, किंचित तिरपा. अगदी समोर धरला की प, फ, भ यांच्या हवेचा धपका बसतो. शिट्टी वाजते ती माइकने स्पीकरचाच आवाज परत उचलला म्हणून. अशा वेळी मुलं माइकचं डोकं मुठीत धरतात, त्याने शिट्टी वाढते. मूठ सोडा, खाली दांड्याला धरा आणि स्पीकरच्या मागे सरका. ‘हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हणत टिचक्या मारण्यापेक्षा भाषणाचं पहिलं वाक्यच म्हणून पाहावं.

सूत्रसंचालनाचं एका ओळीत : दोन कार्यक्रमांच्या मध्ये 20 सेकंद, त्यात एकही चारोळी नको.

फळा-खडू (गंगापूर रोड)

ध्वनिक्षेपक सर, चारोळीबद्दल टाळ्या. वादविवाद राहिला म्हणून पुन्हा आलो.

विषयातच सगळं असतं. ‘मोबाइल : शाप की वरदान’ यावर दोन्ही बाजू तेच बोलतात आणि शेवटी ‘वापर कसा करतो त्यावर आहे’ म्हणून हात मिळवतात. विषय ठरावाच्या रूपात द्या, कुणीतरी काहीतरी करावं असा : ‘रामकुंड परिसरातलं नदीपात्राचं काँक्रीट काढून टाकावं.’ एका बाजूला तळाचे झरे मोकळे होण्याचा मुद्दा, दुसऱ्या बाजूला पर्वणीच्या गर्दीच्या पायाखाली पक्का तळ हवा हा. 2027 चा सिंहस्थ तोंडावर असल्याने घरोघरी मतं तयार आहेत.

तीन विरुद्ध तीन, प्रत्येकी 3 मिनिटं, एक मिनिट उरलं की घंटा. दोन्ही बाजूंची तयारी करून यायचं आणि बाजू 10 मिनिटं आधी चिठ्ठी टाकून. प्रतिवाद 2 मिनिटं आणि त्याचं पहिलं वाक्य सक्तीचं : ‘समोरच्यांचं म्हणणं असं की…’ हे म्हणणं समोरच्यांना मान्य झालं तरच पुढे बोलायचं. घरून पाठ करून आणलेला प्रतिवाद तिथेच गळतो.

गटचर्चेला वादविवादाचे गुण लावू नका. तिथे कुणी जिंकत नाही, निर्णय निघावा लागतो. आठ जण, 12 मिनिटं, प्रश्न रुपयांचा : वाचनकोपऱ्यासाठी 1500 रुपये आहेत, काय घ्यायचं? प्रत्येकाला तीन चिंचोके. एकदा बोललं की एक चिंचोका मध्ये टाकायचा, संपले की गप्प. किमान दोन टाकलेच पाहिजेत. वाचाळ मंडळींचे पहिल्या तीन मिनिटांत संपतात आणि मग ज्यांच्याकडे चिंचोके आहेत त्यांच्याकडे बघत बसावं लागतं.

बागलाणकर (सटाणा)

वरचं सगळं मान्य, फक्त एक राहिलंय. आमच्या वर्गात निम्म्या घरांत अहिराणी. सुरगाणा-पेठकडे कोकणा आदिवासींची कोकणी. मुलगा उभा राहून ‘आनी’, ‘पानी’ म्हणाला की शिक्षक वाक्य तोडून ‘आणि, पाणी’ म्हणायला लावतात. त्या क्षणी त्याच्या डोक्यातला मुद्दा जातो आणि ‘ण’ काही येत नाही. बोलताना मध्ये दुरुस्ती शून्य. संपल्यावर दोन शब्द निवडा, तेही फक्त भाषण आणि निवेदन या प्रकारांत.

उलट बोलीचा उपयोग करा. एकच निरोप तीन ठिकाणी : आजीला बोलीत, मुख्याध्यापकांना प्रमाण मराठीत, मित्राला फोनवर जसं येईल तसं. ‘उद्या शाळा लवकर सुटणार’ एवढाच निरोप पुरतो. काय बदललं ते वर्गाने सांगायचं : शब्द, आवाज, की वाक्याची लांबी.

दुसरी घंटा (इंदिरानगर)

बागलाणकर, हे तिघांच्या गटात बसेल का? तीन निरोप, तीन जण.

बागलाणकर (सटाणा)

बसेल की ताई. फक्त आजी होणाऱ्याला बोली येत असली पाहिजे. येत नसेल तर त्याने दर वाक्याला ‘काय म्हणतोस?’ विचारायचं, तोही सरावच. वेळ मात्र 4 ऐवजी 6 मिनिटं धरा, आजी लवकर सोडत नाही.