येऊरच्या चढावर धाप लागते, तरी ऑक्सिमीटर ९७ दाखवतो, असे का?

प्रश्न (वर्तकनगर, ठाणे)

नमस्कार. माझे वय ४७ आहे. गेल्या दिवाळीपासून आठवड्यातले चार दिवस मी पहाटे उपवन तलावापासून येऊरचा चढ हळूहळू धावत चढतो. पहिली तीन-चार मिनिटे फार जड जातात. छातीचा भाता होतो आणि पाय मणामणाचे वाटतात. त्यानंतर श्वासाची लय बसते, पण शेवटच्या उभ्या चढावर पुन्हा धाप लागते. बरोबरीच्या मंडळींचे म्हणणे असे की फुप्फुसे कमजोर आहेत, तेव्हा प्राणायाम वाढवावा आणि तोंडावर घट्ट मास्क बांधून धावावे, म्हणजे ती बळकट होतील.

मागच्या रविवारी कोविडच्या दिवसांत घेतलेला ऑक्सिमीटर खिशात घालून नेला. वर पोहोचल्यावर कठड्यावर टेकलो, घामाने ओले झालेले बोट रुमालाने पुसून त्यात घातले आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबलो. एक वाक्य सलग बोलता येत नव्हते, नाडी १६२ होती आणि ऑक्सिजन ९७! घरी आरामात बसलो असताना तो ९८ असतो. रक्तात ऑक्सिजन एवढा भरलेला आहे, तर मग मला दम कशाचा लागतो?

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पोहे खाऊन लगेच निघालो तर उजव्या बरगडीखाली कळ येते आणि उपाशीपोटी गेलो तर परतताना अंगात त्राण राहत नाही. शिवाय वर पोहोचून एका जागी उभा राहिलो की डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाब, साखर आणि ईसीजी मागच्याच महिन्यात तपासले असून ते ठीक आहेत.

प्रतिसाद १ (नौपाडा, ठाणे)

मी महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. तुमचा ऑक्सिमीटर खरेच सांगतो आहे. दम लागतो तो ऑक्सिजन संपला म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे. पण श्वासाचे नियंत्रण करणारे मेंदूतले केंद्र रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडच्या आणि आम्लतेच्या बदलाला फार लवकर प्रतिसाद देते. चढावर स्नायूंतून हा वायू भराभर बाहेर पडतो आणि तो घालवून देण्यासाठीच श्वास वाढतो. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सुमारे ६ लिटर हवा आत घेतो. जोराच्या व्यायामात हाच आकडा १०० लिटरच्या पुढे जाऊ शकतो.

एवढ्या घाईतही रक्त पुरते भरून कसे निघते, हे पाहण्यासारखे आहे. विश्रांतीच्या वेळी रक्ताचा थेंब फुप्फुसातल्या केशवाहिनीतून (केसासारख्या बारीक रक्तवाहिनीतून) जायला साधारण पाऊण सेकंद घेतो आणि त्याच्या पहिल्या एक तृतीयांश वेळातच, म्हणजे पाव सेकंदात, त्यात ऑक्सिजन भरून होतो. उरलेला वेळ शिलकीत असतो. धावताना रक्त दुप्पट वेगाने गेले तरी भरणी पूर्ण होते. निरोगी माणसाची फुप्फुसे येऊरच्या चढाला सहसा कमी पडत नाहीत, ती या शिलकीमुळे.

खरी ओढाताण पुढे आहे. हृदय विश्रांतीत मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फेकते. निरोगी माणसात कष्टाच्या वेळी ते २० लिटरपर्यंत जाते. त्याच वेळी वाटणीही बदलते. एरवी स्नायूंना एकूण रक्ताचा जेमतेम पाचवा हिस्सा मिळतो, तो वाढून पाचांतले चार हिस्से होतो. आतडी आणि मूत्रपिंडे यांच्याकडच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, मेंदूचा वाटा मात्र राखला जातो. याशिवाय स्नायू हाती आलेल्या रक्तातून अधिक ऑक्सिजन काढून घेतात. धमनीतल्या एक लिटर रक्तात सुमारे २०० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. बसल्या जागी त्यातला ५० वापरला जातो, चढावर १५० पर्यंत. रक्त चौपट आणि प्रत्येक लिटरमागे उचल तिप्पट, म्हणजे एकूण वापर बारापट झाला. ऑक्सिमीटरला यातले काहीच दिसत नाही, कारण तो फक्त धमनीतले, स्नायूंकडे निघालेले रक्त मोजतो.

पहिली तीन-चार मिनिटे जड का जातात, तेही यातूनच कळते. स्नायूंत तयार असलेली ऊर्जा काही सेकंदांची असते आणि क्रिएटिन फॉस्फेट या झटपट ऊर्जा देणाऱ्या रसायनाचा साठा आणखी दहा-एक सेकंद पुरतो. हृदय आणि स्नायूंचे ऑक्सिजनवर चालणारे यंत्र पूर्ण लयीत यायला मात्र दोन-तीन मिनिटे लागतात. मधली तूट ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेली साखर, ऑक्सिजनविना तोडून भागवली जाते. त्यात लॅक्टेट तयार होते आणि आम्लता वाढते. कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोघ आणि योहानेस लिंडहार्ड या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी व्यायामाच्या या सुरुवातीच्या मिनिटांवरच १९१३ साली संशोधन प्रसिद्ध केले होते. तेव्हा चढाला भिडण्याआधी उपवनच्या काठाने दहा मिनिटे भरभर चालावे, म्हणजे ही तूट कमी पडते.

मास्कचा सल्ला कृपया मानू नका. त्याने हवेची वाट अडते आणि श्वासाचे स्नायू थकतात, फुप्फुसातले वायुकोश काही वाढत नाहीत. प्राणायाम जरूर करावा, मन आणि श्वास शांत व्हायला तो उपयोगी आहे. पण चढ सोपा होतो तो हृदयाचा एकेक ठोका अधिक रक्त फेकू लागल्यामुळे आणि पायांच्या स्नायूंतल्या केशवाहिन्या व तंतुकणिका (ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारे पेशींतले सूक्ष्म भाग) वाढल्यामुळे, आणि हे काम नियमित चालण्या-धावण्यानेच होते.

प्रतिसाद २ (नेरुळ, नवी मुंबई)

वरच्या विवेचनात एक भर घालावीशी वाटते, कारण ती मला महागात पडली आहे. बेलापूरच्या पारसिक टेकडीवर चालताना मला सहा महिने अशीच धाप लागत होती. ऑक्सिमीटर ९८ दाखवी, म्हणून वाढलेल्या वजनाला दोष देऊन मी गप्प बसले. अखेर रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ८.६ (म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ८.६ ग्रॅम) निघाले. असलेल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के भरलेले आहे एवढेच ते यंत्र सांगते. मुळात हिमोग्लोबिन किती आहे, हे ते सांगत नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेते. या हिशेबाने १४ हिमोग्लोबिन असणाऱ्याच्या लिटरभर रक्तात जवळपास १९० मिलिलिटर ऑक्सिजन मावतो, माझ्या रक्तात ११५ च मावत होता. ही उणीव हृदयाने ठोके वाढवून भरून काढायची, म्हणून दोन जिने चढले तरी छाती धडधडे.

मासिक पाळीतला अतिरक्तस्राव हे माझ्या बाबतीतले कारण होते. डॉक्टरांनी त्यावर उपचार केले आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. जेवणावर लगेच चहा घेण्याची सवय मी सोडली, कारण चहामुळे लोह नीट शोषले जात नाही. पालेभाजी आणि उसळीवर लिंबू पिळू लागले, कारण त्यातले क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.१ झाले आणि तीच टेकडी मी न थांबता चढले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. दम लागणाऱ्या प्रत्येक बहिणीने फुप्फुसांची काळजी करण्याआधी ही साधी तपासणी करून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद १ (नौपाडा), पुढे

ताईंनी फार मोलाचे लिहिले. आता राहिलेल्या दोन प्रश्नांकडे वळते.

जेवणानंतर आतड्यांना अधिक रक्त हवे असते आणि नेमके तेव्हाच तुम्ही ते पायांकडे वळवता. बरगडीखालच्या कळीचे नेमके कारण शास्त्रज्ञांत अजून वादाचे आहे, पण भरल्या पोटी ती अधिक येते हा अनुभव सार्वत्रिक आहे. पोहे परतल्यावर खा. उपाशीपोटी त्राण जाते त्याचे कारण वेगळे आहे. यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन असते आणि रात्रभरात ते बरेच खर्च होते. स्नायूंत त्याच्या तिप्पट-चौपट साठा असतो, पण त्यातली साखर रक्तात सोडणारे विकर (एन्झाइम) स्नायूंत नसल्यामुळे तो साठा मेंदूच्या थेट उपयोगी पडत नाही. चरबी भरपूर असते, पण एका लिटर ऑक्सिजनमागे साखरेतून सुमारे ५ किलोकॅलरी मिळतात, तर चरबीतून ४.७; म्हणून उभ्या चढावर शरीर साखरेकडेच झुकते. निघण्याआधी अर्धा तास एक केळे किंवा तीन-चार खजूर आणि पाणी एवढे तासाभराच्या व्यायामाला पुरते.

अंधारी येते ती एकदम थांबल्यामुळे. धावताना पोटऱ्यांचे स्नायू शिरांतले रक्त पिळून वर हृदयाकडे ढकलत असतात. तुम्ही थबकलात की हा पंप बंद पडतो, पायांतल्या रक्तवाहिन्या मात्र सताड उघड्याच असतात. मग रक्त खाली साचते आणि मेंदूकडचा दाब उतरतो. वर पोहोचल्यावर पाच-सात मिनिटे सावकाश चालत राहा. एवढे करूनही अंधारी आली, किंवा छातीत दाब, डाव्या हातात वा जबड्यात वेदना जाणवली, तर ईसीजी मागच्या महिन्यात ठीक आला होता यावर विसंबू नका, डॉक्टरांना गाठा.

प्रतिसाद ३ (वाशी)

आपल्याकडच्या दमट हवेचाही विचार करावा. स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भाग हालचालीला लागतो, बाकीची उष्णता होते. घाम वाळला तरच ती निघून जाते आणि मे महिन्यात पाम बीच रस्त्यावर तो वाळतच नाही, नुसता ठिबकतो. मग त्वचेलाही अधिक रक्त पुरवावे लागते, घामाने रक्तातले पाणी घटते आणि त्याच वेगाला नाडी चढत जाते. अशा दिवशी वेग कमी करणे शहाणपणाचे.

प्रश्नकर्ता (वर्तकनगर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेले दोन आठवडे प्रत्येक वेळी आधी दहा मिनिटे चालून मग चढलो. पहिल्या वळणापर्यंतचा जडपणा बराच कमी झाला आहे. वर पोहोचल्यावर न थांबता चालत राहिलो, अंधारी आली नाही. ऑक्सिमीटर अजून ९७ च दाखवतो, आता त्याचे नवल वाटत नाही. माझ्या पत्नीलाही तीन जिने चढून आल्यावर दाराशी टेकावे लागते आणि आम्ही दोघेही ते वयावर ढकलत आलो होतो. नेरुळच्या ताईंचे लिहिणे तिला वाचून दाखवले. उद्या सकाळी तिचे हिमोग्लोबिन तपासायला आम्ही दोघे जात आहोत.