वेल्डर-फिटरची वेगळी युनियन गोव्यात का उभी राहिली नाही?

वेर्ण्याचा_फिटर: गोदी आणि खाण कामगारांच्या संघटना गोव्यात मुक्तीनंतर लगेच उभ्या राहिल्या. मग हातात कसब असलेले वेल्डर, फिटर, टर्नर मागे का पडले? आणि आता ठेकेदारांकडच्या लोकांची युनियन नोंदवायची तर माणसं किती लागतात?

मुरगावकर: पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या राजवटीत संपाला बंदी, मोकळी युनियन तर दूरच. 1961 नंतर बंदरात जेराल्ड परेरा, खाणींत जॉर्ज वाझ यांनी संघटना बांधल्या. तिथं शेकडो माणसं एकाच जागी, एकाच मालकाविरुद्ध उभी असत. वेल्डरचं तसं नाही. मोठ्या शिपयार्डात तो कायम मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, असला तर कारखान्याच्या युनियनमध्ये जातो. झुवारीकाठच्या बार्ज (खनिज वाहणाऱ्या बोटी) दुरुस्तीत मात्र एका स्लिपवेवर, म्हणजे बोट पाण्याबाहेर ओढायच्या उतारावर, तीन ठेकेदार, आणि काम संपलं की पथक पांगलं. 2012 आणि 2018 मध्ये खाणी बंद पडल्यावर बार्जही बिनकामाच्या पडून राहिल्या, तेव्हा तर पथकंच मोडली.

कलम_वाचणारा: आकडा विचारलात म्हणून. औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे, 1926 चा ट्रेड युनियन कायदा गेला. नोंदणीला कामगारांपैकी 10 टक्के किंवा 100 सभासद, जे कमी असेल ते, पण 7 पेक्षा कमी नाही. म्हणजे 340 कामगारांच्या कारखान्यात 34, 60 च्या वर्कशॉपात 6 नव्हे, 7. टक्केवारी आस्थापनेची (एका कारखान्याची किंवा वर्कशॉपची) किंवा उद्योगाची धरता येते. ठेकेदारागणिक सात-सात जमवत बसू नका, पूर्ण उद्योगाची युनियन काढून 100 सभासद करा. अर्जाला प्रतिज्ञापत्र, सभासदांची नावं-धंदा-पत्ते, नियमावली मंजूर केल्याचा ठराव आणि अर्ज करायला अधिकार दिल्याचा ठराव जोडायचा. नेमके 100 घेऊन जाऊ नका हां. संख्या पुढंही टिकावी लागते, मोसम संपताच वीसजण गावी गेले की नोंदणीच धोक्यात.

मुरगावकर: आणि नोंदणी म्हणजे मालकाशी वाटाघाटी करायची मान्यता नव्हे, इथंच सगळे फसतात. एका आस्थापनेत अनेक युनियन असल्या तर वाटाघाटीचा हक्क मस्टरवरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या युनियनला. तेवढा कुणालाच नसेल तर युनियनांची वाटाघाटी परिषद बसते, तिथं दर 20 टक्क्यांमागे एक प्रतिनिधी. ठेकेदाराचा वेल्डर यार्डाच्या मस्टरवर नसतोच.

वेर्ण्याचा_फिटर: म्हणजे आधी ठेकेदाराचं मस्टर बघायचं.

कलम_वाचणारा: हो. हजेरी आणि पगारपत्रकावर तुमचं नाव कुणाखाली आहे ते पाहा, आणि वर्गणीच्या पावतीवर तेच आस्थापनेचं नाव घाला. पावतीपुस्तकावर अनुक्रमांक छापलेला हवा. हातानं घातलेले क्रमांक सभासदांच्या पडताळणीत वादाला कारण होतात.