नवीन फिश टँकमध्ये अमोनिया उतरत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नाशिकला घरी नुकताच ६० लिटरचा टँक लावलाय. आत थोडे गप्पी मासे आणि वॅलिसनेरिया ही पाणवनस्पती. नळाला गंगापूर धरणाचं पाणी येतं. क्लोरीन उडून जावं म्हणून बादलीत दिवसभर उघडं ठेवूनच टाकतो.

तरी पाणी दुधाळ झालंय. टेस्ट किटवर अमोनिया ०.५ पीपीएम, नायट्राइट शून्य, पीएच ८. म्हणजे अमोनियाचं नायट्राइट करणारे बॅक्टेरिया अजून बसलेले नाहीत. सायकल (म्हणजे हे बॅक्टेरिया टँकमध्ये नीट रुजणं) पूर्ण व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, तेवढा धीर आहे. पण पीएच जास्त असला की अमोनिया जास्त विषारी ठरतो, त्याचीच धास्ती वाटते. एक मादी सकाळपासून वरच आहे, तोंडाची सारखी उघडझाप चाललीय, कल्ले लालसर दिसताहेत. बघवत नाही हो.

दुकानदार म्हणतो सगळं पाणी बदला, फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवा. मला हे अजिबात पटत नाही, थोडेफार आलेले बॅक्टेरियाही जातील.

रोज पाव टँक पाणी बदलू की दिवसाआड? खाणं दोन दिवस बंद ठेवलं तर चालेल ना? आणि कोणाकडे जुन्या, निरोगी टँकमधला वापरता स्पंज मिळेल का? सिडको, पंचवटी, नाशिकरोड, कुठेही येऊन घेऊन जाईन. टँकच्याच पाण्यात भिजवून ठेवा, प्लीज.