मदत हवी आहे: मुंग्यांसोबत राहणारा भुंगेरा, एकाच नमुन्यावरून नवी जात?

फायडोल मुंग्यांच्या घरट्यात पॉसस वंशाचा एक भुंगेरा मिळाला आहे. शृंगिकांचं (डोक्यावरच्या मिशांचं) टोक या वंशात फुगलेलं असतंच, पण याच्या टोकावरची खाच आणि केसांचा झुपका माहीत असलेल्या कुठल्याच जातीशी जुळत नाही. अडचण अशी की नमुना एकच, तोही मादी. भुंगेऱ्यांच्या जाती बऱ्याचदा नराच्या जननेंद्रियावरून वेगळ्या ओळखतात, त्यामुळे ते न तपासता नवी जात म्हणणं मला धाडसाचं वाटतं. नामकरणाच्या नियमांना होलोटाइप (नव्या जातीच्या नावाचा आधार ठरणारा नमुना) म्हणून एक नमुना पुरतो हे खरं, पण शोधनिबंधाचे समीक्षक ऐकतील?

नरासाठी घरटं खणलं तर वसाहत गेलीच. दिव्याच्या सापळ्यात पॉसस येतात, पण मग यजमान मुंगी कोणती हे कसं सांगणार? आणि डीएनएसाठी होलोटाइपचा एक पाय काढलेला चालतो का?